म्हातारीची बाज

जाफराबादेत आमच्या माळवदावर 'सप्तर्षी' हा शब्द कुणी वापरत नसे. वैशाखात जेवणं उरकून गोधड्या टाकल्या की आजी उत्तरेकडं बोट करायची आणि म्हणायची, "ती बघ म्हातारीची बाज." चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय आणि त्यांच्यामागं वाकड्या रांगेत तीन चोर. म्हातारी एकटी, घरात बाजेवाचून काही नाही, पण बाजेचे पाय मात्र सोन्याचे. गरिबाघरी सोनं कुठून आलं, असं विचारलं की पाठीत धपाटा बसे. "चोर टपून बसलेत," आजी सांगायची, "पण म्हातारीला झोपच न्हाई. जवळ आले की ती खोकते, अन् चोर थबकतेत."

चारांपैकी एक पाय मिणमिणता का, याचंही उत्तर तिच्याकडं होतं. चोरांचा हात तिथवर पोचला आणि त्यांनी सोनं खरवडून नेलं! पोथीत या ताऱ्याला अत्री म्हणतात. सातांत तो सगळ्यात मंद आहे आणि चोरांना सगळ्यात जवळचा पायही तोच. ही गोष्ट ज्या कुणी रचली, त्यानं आकाश नीट पाहिलं होतं. शिवाय रोज उगवताना बाज पुढं आणि चोर मागं असतात, मावळतानाही तसंच. चोर तिला कधीच गाठत नाहीत. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशातही म्हातारीची अशीच खाट आहे आणि तिच्यामागं चोर आहेत.

गंमत म्हणजे हीच आजी भाद्रपदात ऋषिपंचमी कडक पाळायची, बैलाच्या कष्टाचा दाणा तोंडात घालत नसे. पूजेतल्या सात ऋषींची यादी आकाशातल्या यादीहून बरीच वेगळी, तरी अत्री आणि वसिष्ठ दोन्हीकडं आहेत. म्हणजे दुपारी ज्या वसिष्ठांपुढं हात जोडायचे, तेच रात्री मधले चोर. शेजारी बारीकशी अरुंधती. लग्नात भटजी नवरानवरीला दाखवतात तीच ही. महाभारतात सहा ऋषींनी संशयानं बायका टाकल्या आणि त्यांच्या कृत्तिका झाल्या. अरुंधती तेवढी नवऱ्याजवळ राहिली. आजीचा निकाल मात्र सोपा होता : "चोराला बी बायको लागतेच की."

ग्रीकांनी याच ताऱ्यांत अस्वल पाहिलं. झ्यूसची लाडकी कॅलिस्टो अस्वलीण होऊन आकाशात गेली, तेव्हा चिडलेल्या हेरानं समुद्राला बजावलं, हिला कधी पाण्यात उतरू देऊ नकोस. ग्रीसमधून हे तारे उत्तरेभोवती फिरत राहतात, सहसा बुडत नाहीत, म्हणून ही कथा. जाफराबाद मात्र 20 अक्षांशाच्या किंचित वर. ध्रुव तिथं क्षितिजापासून 20 अंशांवरच, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या दोन मुठींएवढा उंच. त्यामुळं हेराचा हुकूम आमच्याकडं चालत नाही, सातही तारे रोज बुडतात. दिवाळीत संध्याकाळी बाज दिसायचीच नाही. तेव्हा म्हातारी भाऊबीजेला माहेरी गेलेली असायची. मार्गशीर्षातल्या गोरज मुहूर्तावर अरुंधती 'दिसली' म्हणणाऱ्या सगळ्या नवऱ्यामुलींनी खोटंच सांगितलेलं आहे. ती मध्यरात्रीच्या सुमाराला उगवते.

चुलत आजोबांना गोष्टीपेक्षा बाजेचा उपयोग जास्त. पौषात ज्वारीची राखण करताना शेवटचा चोर वर आला की साडेदहा-अकरा झाले समजायचं, बाज सगळ्यात उंच चढली की पहाटेचे चार, मोटेला बैल जुंपायची वेळ. घड्याळ गावात मोजक्याच घरी होतं.

ते सांगायचे ती 1948 च्या उन्हाळ्यातली रात्र मात्र वेगळी. जाफराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि बुलढाण्याची हद्द जवळ, तिकडं हिंदुस्थान. रझाकारांच्या भीतीनं सीमेवरच्या गावांतली माणसं रात्रीची पलीकडं जात. कंदील लावायचा नाही, पोरांनी रडायचं नाही. बाजेच्या पुढच्या दोन पायांवरून सरळ रेघ ओढली की ध्रुव सापडतो. तो डाव्या डोळ्यासमोर ठेवून चिखलीच्या दिशेनं चालत राहायचं. सप्टेंबरात, 13 तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजामानं हार मानली. मग घरातली माणसं परतली. त्यानंतर आजोबांच्या गोष्टीत चोरांना नावं आली : पटेल, पटवारी आणि रझाकार. आजीला ते पसंत नव्हतं. पटेल तिच्या माहेरचा होता.

बाज कायमची नाही, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. 1869 मध्ये रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज ज्योतिर्विदानं दाखवून दिलं की सातांतले मधले पाच तारे एकाच दिशेनं, एकत्र चालले आहेत. ते आपल्यापासून साधारण 80 प्रकाशवर्षांवर आहेत. पुढचा क्रतू आणि टोकाचा मरीची मात्र आणखी दूरचे, त्यांची वाट निराळी. एखाद्या लाख वर्षांत बाजेचा एक पाय निखळेल आणि एक चोर फुटेल. आजीला हे सांगता आलं असतं तर तिनं त्यावरही काहीतरी रचलं असतं.

वैशाखात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडं बघा, बाज ऐन उंचावर असते. आणि घरात ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांच्या गोष्टीतले चोर कोण होते, ते विचारून लिहून ठेवा.