रमण्यावरची दक्षिणा आणि डेक्कन कॉलेजची शिष्यवृत्ती

बारावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच हिशेब मांडला जातो. सरकारी कॉलेज मिळेल का, फी किती, शिष्यवृत्ती लागू होईल का, वसतिगृहात जागा आहे का, आणि मग शिकवणारे कसे आहेत. हा हिशेब आजचा वाटतो. पण मुंबई इलाख्यात तो दीडशे वर्षांपूर्वीही याच क्रमाने मांडला जात होता. त्या हिशेबातील पैशाचा एक मोठा झरा तर पेशवाईतून वाहत आलेला होता. हा धागा त्या पैशाचा आहे.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी ‘रमणा’ नावाचे एक मोठे आवार होते. श्रावण महिन्यात तेथे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, दाभाड्यांचे वैभव ओसरले आणि ही दक्षिणा पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली. नानासाहेबांच्या काळात तिचा आकडा लाखांवर गेला. दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री-पंडित पुण्यास येत. विद्वत्तेची परीक्षा होई आणि त्याप्रमाणे रक्कम ठरे. हळूहळू परीक्षा सैल झाली, गर्दी वाढली आणि विद्येचा मान हा नुसता धर्मादाय होऊन बसला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी माणूस होता. पराभूत राजधानीतील सर्वांत प्रभावी वर्गाची श्रावणातील मिळकत एकदम बंद करणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने दक्षिणा ठेवली, मात्र वर्षाला सुमारे पन्नास हजार रुपयांवर आणून ठेवली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, ती या दक्षिणेच्याच पैशातून. न्याय, धर्मशास्त्र, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, वेद हे विषय. विद्यार्थ्यांना फी नाही, उलट दरमहा निर्वाहवेतन. ज्या वाड्यात शेवटच्या पेशव्याचा दरबार भरे, तेथे तीन वर्षांतच कंपनीच्या पगारावर शास्त्रीबोवा तर्कसंग्रह शिकवू लागले.

पुढच्या तीस वर्षांत या पैशाची दिशा दोनदा वळली. दक्षिणा घेणाऱ्यांच्या यादीत नवी नावे घालणे सरकारने थांबवले. जुने मानकरी वारतील तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. ती कशावर खर्चावी? १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यांत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख अग्रणी होते. शहरात मोठा गहजब झाला. अर्जदारांना मारहाण होण्याचे भय होते आणि त्या वेळी त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले माणसे घेऊन उभे राहिले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या दक्षिणेतला एक पैसाही कधी मिळणार नव्हता, त्यांनी तिच्या विनियोगाच्या भांडणात पाठराखण करावी, हा प्रसंग पुढच्या घटना वाचताना ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ बनले. दक्षिणेचा उरलेला ओघ आता ‘दक्षिणा फेलोशिप’ या नावाने इंग्रजी शिकलेल्या तरुणांकडे वळला. शब्द तोच राहिला. घेणाऱ्याच्या खांद्यावरची शाल गेली आणि अंगात कोट आला.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते उभारलेले असल्यामुळे त्याचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. शिकवायची ती कॉलेजे. त्यामुळे त्या काळी ‘विद्यापीठ निवडणे’ याचा अर्थ कॉलेज निवडणे. सरकारी वाटा मुख्यतः दोन : मुंबईचे एल्फिन्स्टन आणि पुण्याचे पूना कॉलेज. १८६२ साली या विद्यापीठातून बी.ए. झालेले पहिले चार जण म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. फेलोने खालच्या वर्गांना थोडे शिकवायचे आणि स्वतःचा अभ्यास पुढे न्यायचा, अशी व्यवस्था होती. मध्यमवर्गीय कारकुनी घरातील मुलाला बी.ए.नंतर लगेच नोकरी धरावी न लागता पुस्तकांत राहता येत होते ते या रकमेमुळे. भांडारकरांच्या संस्कृत पांडित्याची बैठक याच काळात बसली, आणि पुढे डेक्कन कॉलेजात ते संस्कृताचे प्राध्यापक झाले.

पण या पैशाला दोरी होती. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नाणावलेले संपादक. रानड्यांवर त्यांचा लोभ होता. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरवले. ग्रँटसाहेबांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ज्या सरकारच्या पैशावर शिकायचे त्याच्यावर टीका करायची नाही, हा त्यांचा मुद्दा होता. या प्रसंगातील गंमत अशी, की तो पैसा मुळात ज्या राज्याच्या तिजोरीतून चालत आला होता, त्याच राज्याची बाजू रानड्यांनी घेतली होती. शिक्षा भोगूनही त्यांच्या मनात ग्रँटांविषयी आदरच राहिला. मात्र ‘मराठी सत्तेचा उदय’ हा विषय त्यांनी सोडला नाही. चाळीस वर्षांनी त्यावर ग्रंथच लिहिला.

आता कॉलेजची जागा. १८६८ मध्ये पूना कॉलेज गावाबाहेर येरवड्याला, नदीपलीकडच्या नव्या गॉथिक इमारतीत गेले आणि डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. इमारतीसाठी जीजीभाई घराण्याची एक लाख रुपयांची देणगी होती. जागा पेठांपासून इतकी लांब, की रोज जाऊन-येऊन शिकणे बहुतेकांना अवघड. म्हणून कॉलेजातच राहायचे. मुंबईच्या एल्फिन्स्टनचा विद्यार्थी वर्ग संपला की शहरात पांगे. गिरगावातील खोली, नातलग, नाटक, सभा हे त्याचे जग. डेक्कनचा विद्यार्थी चोवीस तास आवारात. दोन्ही कॉलेजांची परीक्षा एक, पदवी एक, प्राध्यापकही बदलीवर इकडून तिकडे जाणारे. कवी वर्डस्वर्थचे नातू विल्यम वर्डस्वर्थ हे दोन्हीकडे प्राचार्य होते. खरा फरक राहणीचा होता.

त्या राहणीतून काय घडते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बाळ गंगाधर टिळक येथे केरूनाना छत्र्यांजवळ गणित शिकले. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालीम आणि पोहणे यांतच घालवले, अशी आठवण सांगितली जाते. खोलीत शिरून सामान उलटेपालटे करणारा हा विद्यार्थी आवारातील नाजूक मंडळींना धाकच होता. गोपाळ गणेश आगरकरांची वाट निराळी. टेंभू गावचा हा मुलगा. कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात कंपाउंडरचे काम, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट, अखेर अकोल्यात १८७५ मध्ये मॅट्रिक. डेक्कन कॉलेजात वर्तमानपत्री लेखन, स्पर्धांची बक्षिसे आणि शिष्यवृत्ती यांवर दिवस काढायचे. एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची कहाणी मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ती सांगताना एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते : सदरा एक असला तरी खोली होती, ग्रंथालय होते, जेवणाच्या पंगतीत जागा होती. एम.ए.च्या काळात हे दोघे संध्याकाळी आवाराजवळच्या टेकडीवर तासन्‌तास वाद घालत आणि तेथेच सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय झाला. सरकारी कॉलेजने आपल्या दोन उत्तम विद्यार्थ्यांना असे गमावले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर पुण्याच्या विद्यार्थ्याला प्रथमच घराजवळचा खासगी पर्याय मिळाला.

येथवरची कथा गरीब पण पंक्तीत बसू शकणाऱ्या मुलांची झाली. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची त्यांची मागणी सर्वत्र सांगितली जाते. शिष्यवृत्तीसंबंधीचा भाग कमी वाचला जातो. केवळ चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्त्या वाटणे हे दिसायला न्याय्य असले, तरी त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून ज्या वर्गांत विद्येचा प्रवेशच झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असे त्यांनी सुचवले. घरी बसून अभ्यास करणाऱ्यास प्रवेशपरीक्षेला असलेली मोकळीक वरच्या परीक्षांनाही मिळावी, हेही त्यांत होते. कॉलेजची फी न झेपणाऱ्याचा तो एकमेव दरवाजा. १८४९ मध्ये दुसऱ्यांच्या अर्जाची राखण करणाऱ्या माणसाचा हा स्वतःचा अर्ज म्हणता येईल. तो मान्य झाला नाही.

चढाओढीचा नियम तरी सर्वांना सारखा लागू होता का? त्याच दशकात डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी ही एकटी मुलगी शिकत होती. ती वर्गात येऊ नये म्हणून मुले तिच्या तोंडावर दार लावून घेत, असे तिने पुढे लिहिले आहे. पदवी परीक्षेत ती कॉलेजात पहिली आली. या स्थानासाठी इंग्लंडात शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती असे. ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. नियम लिहिताना मुलगी पहिली येईल ही शक्यताच कोणाच्या ध्यानी आली नसावी. इंग्लंडमधील हितचिंतकांनी, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, निधी जमवला आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये तिने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पदवी हातात पडायला १९२२ उजाडले.

वसतिगृहाच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कोल्हापुरात. शिष्यवृत्ती मिळूनही खेड्यातल्या मुलाला शहरात कोणी खोली देत नाही, जेवू घालत नाही, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह ही व्यवस्था आज खटकते. पण त्या काळी सर्वांच्या म्हणवणाऱ्या पंगतीत कोणाला बसू दिले जात होते, हेही पाहायला हवे.

१९०७ मध्ये मॅट्रिक झालेला भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजात आला. वडील निवृत्त सुभेदार. घर परळच्या चाळीत. पुढचे शिक्षण अडले, तेव्हा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेज सरकारी, म्हणून प्रवेशास बंदी नव्हती. वर्गात प्रा. म्यूलर पुस्तके आणि कपडेही देत. कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक मात्र चहा-पाणी देत नसे. विषय इंग्रजी आणि फारसी. फारसी का? संस्कृत घ्यायची इच्छा शाळेतच मोडली गेली होती. शिक्षकाने अस्पृश्याच्या मुलाला ती शिकवण्याचे नाकारले होते. ज्या विद्येच्या नावाने पन्नास हजारांची दक्षिणा नव्वद वर्षांपूर्वी राखून ठेवली गेली, ती विद्या सरकारी शाळेतही सर्वांची झालेली नव्हती.

१९१३ मध्ये बडोदे सरकारने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. करारनाम्यात अट होती : परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. आंबेडकरांनी सही केली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून अट पाळण्यासाठी ते बडोद्यास आले. शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्याची मुदत त्यांना मिळाली. त्या रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

पुढच्या वर्षी सरकारच्याच सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. या वेळी कोणत्याही करारनाम्यावर सही नव्हती.