नेचे : नमुना संकलन व ओळख

नेचे या फुले व बी नसलेल्या वाहिनीवंत वनस्पती असून त्यांचे प्रजनन बीजुकांपासून होते. अभ्यासासाठी त्यांचे नमुने दाबून व वाळवून, नोंदींसह जाड कागदावर बसवतात आणि वनस्पतिसंग्रहात, म्हणजेच हर्बेरियममध्ये जतन करतात.

अधिवास व हंगाम : येथे विचारात घेतलेला चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुका वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दरम्यान आहे, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. येथील साग-बांबूच्या पानझडी जंगलात सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखी ओल टिकत नाही. त्यामुळे नेचे प्रामुख्याने पावसाळ्यात नाल्यांच्या काठी, सावलीतील दरडींवर, खडकांच्या भेगांत व जुन्या विहिरींच्या बांधकामात शोधावे लागतात. बीजुके पक्व होण्याचा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ संकलनाला योग्य ठरतो.

संकलन : नुसत्या पानावरून जाती ठरवणे बहुधा शक्य होत नाही. खवल्यांसह मूलक्षोड (जमिनीलगतचे वा जमिनीखालचे खोड), देठाचा तळ आणि बीजुकधारी पान हे तिन्ही भाग नमुन्यात हवेत. एखाद्या जागी मोजकीच झाडे असतील, तर मूलक्षोड न उपटता एक पान व छायाचित्र घ्यावे. संकलन क्रमांक, तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, अधिवास व वाळल्यावर न टिकणारे रंग यांची नोंद जागेवरच करतात. संकलनाआधी वनविभागाची परवानगी व ग्रामसभेची संमती घ्यावी.

वाळवण : दाबताना काही पानांची मागची बाजू वर ठेवतात, म्हणजे बीजुककोशांचे पुंज दिसतात. पावसाळी दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदलतात. वाळलेला नमुना सुमारे ४२ × २८ सेंमी. आकाराच्या कागदावर बसवतात.

ओळख : मूलक्षोडाची ठेवण, खवले, पानाचे विभाजन, शिराविन्यास, पुंजांची जागा व पुंजत्राण (पुंजांवरील आवरण) ही लक्षणे क्रमाने तपासतात. हंसराजाचा देठ काळा, चकचकीत असतो व दलांची दुमडलेली कडाच पुंज झाकते. मयूरशिखेचे पान पंख्यासारखे असून त्याचे अरुंद भाग पुनःपुन्हा दुभागलेले असतात. लायगोडियम वेलीसारखा चढतो व त्याचे बीजुककोश दलांच्या कडेच्या लहान कणिशांवर येतात. धानाच्या बांध्यांत व बोड्यांच्या (लहान तळ्यांच्या) काठी वाढणारी मार्सिलिया चार दलांमुळे सहज कळते. तिची जाती ठरवायला मात्र देठाच्या तळाशी येणारी कठीण बीजुकफळे लागतात.

संदर्भ व महत्त्व : ब्लॅटर व डी’आल्मेडा यांचा द फर्न्स ऑफ बॉम्बे (१९२२) हा ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता आहे, चंद्रपूरचा तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. म्हणून या भागातील प्रत्येक नीट नोंदलेला नमुना मोलाचा आहे. पडताळणीसाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा (स्थापना १९५५) संग्रह उपयोगी पडतो. ठिकाण व तारीख नसलेला नमुना कितीही सुबक असला, तरी शास्त्रीय पुरावा ठरत नाही.