आग
आग (स्त्री.) : पदार्थ जळताना उष्णता, प्रकाश व बहुधा ज्वाळा निर्माण होण्याची क्रिया. संस्कृत ‘अग्नि’, प्राकृत ‘अग्गि’ यांवरून हा शब्द आला. चितेला अग्नी देतात, चुलीत विस्तव असतो, घराला लागते ती आग. ही वाटणी सहसा मोडत नाही. ज्वाळेवाचूनचे अर्थ अधिक रंगतदार. मिरचीने हातांची आग होते, संतापाने तळपायाची आग मस्तकात जाते, वक्ता विरोधकांवर आग पाखडतो. आगलाव्या तर काडीही न ओढता दोन घरांत भांडण लावतो. 1853 मध्ये मुंबई–ठाणे धावलेली वाफेची रेल्वे ‘आगगाडी’ झाली आणि 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी आली तरी ते नाव टिकले. पराकोटीच्या वैराला मात्र आग चालत नाही; तिथे दोघांत ‘विस्तव जात नाही’.