इंग्लंडांतील जुना बाजार

इंग्लंडचा इतिहास म्हटला म्हणजे राजे, पार्लमेंट व आरमार हींच प्रथम आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. एका घरांतील तांब्याची किटली दुसऱ्या घरांत कोणत्या वाटेनें गेली, किंवा सरदाराचा अंगरखा दहा वर्षांनीं हमालाच्या अंगावर कसा चढला, याची वास्तपुस्त करण्यास इतिहासकारास सहसा सवड नसते. परंतु इंग्रजी कायद्यांतील एक अत्यंत अवघड प्रश्न या जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजारांतच शतकानुशतकें झगडला गेला आहे. चोरानें माल विकला व तो पसार झाला. मागें उरले दोघे. एक ज्याचें घर फुटलें तो, आणि दुसरा ज्यानें निष्कपटपणें रोख पैसे मोजले तो. दोघेही निरपराधी. मग वस्तु कोणास द्यावयाची? या प्रश्नाच्या अनुषंगानें त्या बाजाराची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आज त्या देशांत या बाजाराचें जें रूप गांवोगांव आढळतें त्यास 'कार बूट सेल' असें नांव आहे. येथें बूट म्हणजे पायांतील जोडा नव्हे. मोटारीच्या पाठीमागच्या ज्या कप्प्यास आपल्याकडे डिकी म्हणतात, त्यास इंग्रज लोक बूट म्हणतात. रविवारीं पहांटे एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणांत, शाळेच्या पटांगणांत किंवा विमानांचें येणेंजाणें बंद पडलेल्या धावपट्टीवर मोटारींच्या रांगा लागतात. प्रत्येक गाडीवाला फाटकावर जागेचें भाडें देतो, डिकी उघडतो, घडीचें मेज मांडतो आणि घरांतील अडगळ त्यावर पसरतो. मुलांस आंखूड झालेले कपडे, आजीच्या कपबशा, बंद पडलेलें घड्याळ, एक हात गमावलेली बाहुली, आणि भेट म्हणून आलेल्या परंतु कोणींही न वाचलेल्या कादंबऱ्या! हंगाम साधारणतः ईस्टरच्या सुमारास सुरू होतो व ऑक्टोबरांत आटोपतो, कारण पुढें कुरणांत चाकें रुततात. विकणारा धंदेवाईक नसावा अशी मूळ कल्पना. घेणाऱ्यांत मात्र धंदेवाल्यांचाच भरणा फार. उजाडण्यापूर्वींच हातांत विजेच्या बत्त्या घेऊन ते गाडीभोंवतीं जमतात, आणि बिचाऱ्या गृहिणीनें खोक्याची दोरी सोडली नाहीं तोंच आंत हात घालूं लागतात. ही चाल एका कॅथलिक धर्मगुरूनें कॅनडांत पाहून १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत आणली, अशी कथा सांगतात. कथेंत तथ्य किती असेल तें असो. १९८० नंतर तिचा प्रसार झपाट्यानें झाला हें निर्विवाद आहे.

त्या देशांत बाजार भरविणें हा पूर्वापार राजदत्त हक्क मानला गेला आहे. सनदी बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आंत दुसऱ्यानें बाजार भरवूं नये, असा जुना निर्बंध आहे. या चमत्कारिक अपूर्णांकाचा उलगडा तेराव्या शतकांतील ब्रॅक्टनच्या नांवावर असलेल्या कायदेग्रंथांत मिळतो. माणसाची दिवसाची मजल वीस मैल धरावी व तिचे तीन भाग करावे. एक भाग बाजारास जाण्यासाठीं, दुसरा खरेदीविक्रीसाठीं, आणि तिसरा उजेड आहे तोंवर घरीं परतण्यासाठीं. मोटारीनें हें गणित पार मोडून टाकलें, तरी हक्क शिल्लक राहिला, व त्याच्या जोरावर कित्येक नगरपालिकांनीं नव्या बाजारवाल्यांस न्यायालयांत खेंचलें. १९८२ च्या एका कायद्यानें पांच किंवा अधिक मांडण्यांचा तात्पुरता बाजार भरवावयाचा झाल्यास महिनाभर आधीं वर्दी मागण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस दिला; धर्मादाय कार्यासाठीं भरलेल्या बाजारास सूट ठेविली. नगररचनेच्या नियमांत तर विशेष परवानगीवांचून एका जागीं वर्षांतून १४ दिवसच बाजार भरविण्याची मुभा आहे. त्यामुळें मोटारींच्या या जत्रा एका कुरणांतून दुसऱ्या कुरणांत हिंडत असतात.

परंतु जुनें विकत घेणें हें या मोटारवाल्यांनीं शोधून काढलेलें नव्हे. कापड हातमागावर विणलें जाई व महाग असे, त्या काळीं लंडनचा गरीब माणूस नवा कोट जन्मांत क्वचितच पाही. अठराव्या शतकांत टॉवरच्या किल्ल्याजवळ रोझमेरी लेन येथें 'रॅग फेअर', म्हणजे चिंध्यांची जत्रा, भरत असे. तरुण डिकन्सला मॉनमाउथ स्ट्रीटवर टांगलेले जुने कपडे पाहून एक सबंध लेख सुचला. हाउंड्सडिच येथें १८४३ त जुन्या कपड्यांचा एक मोठा आडतबाजारच उघडण्यांत आला. हेन्री मेह्यूनें १८५१ च्या सुमारास लंडनच्या श्रमजीवी लोकांचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, त्यांत कांचेचीं व चिनीमातीचीं भांडीं देऊन त्या मोबदल्यांत जुने कपडे गोळा करणारे फेरीवाले भेटतात. आमच्या वाचकांस येथें दारावर बसून जुन्या लुगड्यास दोनदोनदां उलटून पाहणारी, आणि पातेल्याऐवजीं वाटी पुढें सारणारी बोहारीण आठवल्यावांचून राहणार नाहीं.

या सर्वांत नांवाजलेला बाजार कॅलिडोनियन मार्केट हा होय. १८५५ त इस्लिंग्टनजवळ कोपनहेगन फील्ड्स येथें गुरांसाठीं फरसबंदीचें अफाट आवार बांधण्यांत आलें. गुरांचे दिवस सोमवार व गुरुवार; मोकळ्या दिवशीं फेरीवाले येऊं लागले, आणि पुढेंपुढें गुरें मागें पडून मंगळवार-शुक्रवारचा जुना बाजारच प्रसिद्धीस आला. १९३९ च्या महायुद्धानें तो बंद केला. युद्धानंतर त्याची परंपरा थेम्सच्या दक्षिणेस बर्मंडसे येथें गेली, व शुक्रवारीं पहांटे तेथें जुन्या चांदीची, चित्रांची व चिनीमातीची उलाढाल होऊं लागली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. जो स्वतः मालक नाहीं त्यास दुसऱ्यास मालकी देतां येत नाहीं, हें कायद्याचें सामान्य तत्त्व. परंतु इंग्लंडांत त्यास एक मोठा अपवाद होता. 'मार्केट ओव्हर्ट', म्हणजे उघडा बाजार, यांत रीतसर व निष्कपटपणें घेतलेली वस्तु चोरीची निघाली तरी घेणाऱ्याची होई. कारण असें कीं, ज्याची वस्तु हरवली त्यानें बाजारांत येऊन शोध करावा. माल उघड्यावर मांडलेला असतां तो आला नाहीं तर दोष त्याचा. लहान गांवाच्या आठवडेबाजारास हा न्याय शोभतही असेल. लंडन शहरांत मात्र रविवार सोडून प्रत्येक दिवशीं प्रत्येक दुकान हाच उघडा बाजार समजला जाई, एवढेंच कीं, त्या दुकानांत सहसा जो माल विकतात तोच विकलेला असावा. १५९६ च्या एका खटल्यांत दस्तऐवज लिहून देणाऱ्या लेखनिकाच्या दुकानांत चांदीचीं भांडीं विकलीं गेलीं होतीं. चांदी हुडकणारा मालक सोनाराकडे जाईल, लेखनिकाकडे कशास जाईल, असें म्हणून न्यायालयानें मूळ मालकाच्या बाजूनें निकाल दिला. सर एडवर्ड कोक यानें नमूद केलेल्या या नियमांत आणखी एक अट होती: विक्री सूर्योदय व सूर्यास्त यांच्या दरम्यान झालेली पाहिजे. घोड्यांच्या बाबतींत तर १५५५ च्या कायद्यानें विक्रीपूर्वीं जनावर एक तासभर चारचौघांदेखत उभें करावें असें ठरविलें होतें. घोडा हा चोरास घेऊन पळणारा चोरीचा माल, तेव्हां ही दक्षता आम्हांस योग्यच वाटते.

कोकची ही अट केवळ ग्रंथांतच पडून राहिली असेल असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. १९७० सालच्या हिवाळ्यांत बर्मंडसेच्या बाजारांत एका व्यापाऱ्यानें शमादानांची एक सुंदर जोडी घेतली. ती चोरीची निघाली. बाजार नियमित, व्यवहार उघड, घेणारा निष्कपटी. परंतु घड्याळांत सातांचा सुमार, आणि फेब्रुवारीच्या लंडनमध्यें सूर्य उगवला नव्हता. अपिलाच्या न्यायालयानें १९७३ त पावणेचारशें वर्षांपूर्वींच्या नियमाचा आधार घेऊन तीं शमादानें मूळ मालकाचीं ठरविलीं. सूर्योदयापर्यंत थांबला असता तर व्यापारी जिंकला असता!

आमच्या मतें हा निकाल न्याय्य होता, पण ज्या कारणानें तो न्याय्य ठरला तें कारण हास्यास्पद होतें. पुढें १९९० च्या सुमारास लिंकन्स इन या वकिलांच्या प्राचीन संस्थेंतून रेनल्ड्स व गेन्सबरो यांच्या कुंचल्यांतून उतरलेलीं व्यक्तिचित्रें चोरीस गेलीं, व तीं बर्मंडसेंत दोनशें पौंडांच्या आंत विकलीं गेलीं. वकिलांच्याच घरीं चोरी झाल्यावर सुधारणेस उशीर लागला नाहीं, असें कोणीं म्हटल्यास आम्ही त्याचा प्रतिवाद करणार नाहीं. १९९४ सालीं कायदा होऊन ३ जानेवारी १९९५ पासून उघड्या बाजाराचा अपवाद नाहींसा झाला. स्कॉटलंडनें तो मुळींच मानला नव्हता. आणि हिंदुस्थानांत मालविक्रीचा १९३० चा कायदा रचतांना बहुतेक कलमें इंग्रजी कायद्यावरून घेतलीं, पण हें कलम घेतलें नाहीं. तेव्हां मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत उघड्या उन्हांत घेतलेल्या वस्तूसही इंग्लंडांतल्यासारखें संरक्षण येथें त्या कायद्यानें कधींच दिलें नाहीं.

कुरणांतील मोटारींच्या बाजारास सनद नसल्यामुळें त्याला तें संरक्षण पूर्वींही नव्हतेंच. तेथें पावती नाहीं, नांव नाहीं, पत्ता नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत पश्चिम लंडनमधील एका रुग्णालयाच्या आवारांत भरलेल्या अशाच विक्रींत एका बाईनें दहा पौंडांस एक आंगठी घेतली. खडा खोटा समजून ती अनेक वर्षें रोज बोटांत घालीत असे. पुढें तो २६ कॅरटचा हिरा निघाला, व २०१७ सालीं सदबीच्या लिलांवांत त्यास ६,५६,७५० पौंड आले. दहा पौंड घेऊन ती आंगठी देणारें माणूस त्या दिवशीं संतोषानेंच घरीं गेलें असेल.

ही आंगठी चोरीची होती असें कोणीं म्हटलेलें नाहीं. पण समजा, असती, तर आज तेथें काय झालें असतें? १९८० च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें चोराविरुद्ध मालकाचा दावा मुदतीबाहेर जात नाहीं. परंतु वस्तु एकदां निष्कपटी खरेदीदाराच्या हातीं पडली म्हणजे त्या दिवसापासून सहा वर्षें मोजूं लागतात, आणि तीं सरलीं कीं मूळ मालकाचा हक्क बुडतो. तेव्हां आतां सूर्य उगवला होता कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. वर्षें किती गेलीं एवढेंच पाहतात.