मिनोटॉरची दुसरी बाजू

ग्रीक पुराणांतले बहुतेक राक्षस गुहांत, दलदलींत नाहीं तर समुद्राच्या कडेला राहतात. मिनोटॉर मात्र राणीच्या पोटचा. क्रीटचा राजा मिनॉस याची राणी पासिफाई हिला झालेल्या या पुत्राचें धड माणसाचें व मस्तक बैलाचें होतें. डीडलस या कारागिरानें बांधलेल्या भुलभुलैयांत त्याला कोंडून ठेविलें होतें, आणि त्याच्या भक्ष्यासाठीं अथेन्सनें दर नऊ वर्षांनीं सात युवक व सात युवती पाठवाव्या असा दंड बसला होता. बकासुराकडे भीम गेला तसा येथें राजपुत्र थीसियस गेला, आणि मिनॉसच्याच कन्येनें, आरिआड्नीनें, दिलेल्या सुताच्या गुंड्याचा माग धरून राक्षसाला मारून परत आला.

ही झाली अथेन्सची कथा. क्रीटचे लोक ती साफ नाकारीत, असें प्लुटार्कनें नमूद केलें आहे. त्यांच्या मतें भुलभुलैया म्हणजे निव्वळ तुरुंग. आणि टॉरस, म्हणजे 'बैल', हें मिनॉसच्या एका क्रूर सेनापतीचें नांव! होमरच्या काव्यांतला मिनॉस तर मृतांचा न्यायनिवाडा करणारा सन्मान्य राजा आहे. त्याची बदनामी केली ती अथेन्सच्या रंगभूमीनें, हें प्लुटार्कनेंच सांगून ठेविलें आहे.

इ. स. पूर्वी ४७५ च्या सुमारास सेनापति किमॉन यानें स्कायरॉस बेटावरून थीसियसच्या म्हणून समजलेल्या अस्थि मोठ्या थाटानें अथेन्सला आणल्या. त्या काळीं समुद्रावर सत्ता कोणाची होती? अथेन्सचीच. ४७८ मध्यें स्थापन झालेल्या संघाला बेटें गलबतें वा द्रव्य पुरवीत. ती वर्गणी हळूहळू खंडणी बनली. नाक्सॉसनें संघ सोडूं पाहतांच अथेन्सनें वेढा घालून त्याला नमविलें. थीसियसनें आरिआड्नीला टाकून दिलें तें हेंच बेट. मिनॉसच्या खंडणीला वीरकथेंत अन्याय ठरविणारें नगर आतां स्वतःच मिनॉस झालें होतें.

१९०० सालीं आर्थर इव्हान्स यांनीं क्रीटमध्यें क्नॉसॉस येथें मोठें उत्खनन सुरू केलें. असंख्य दालनांचा एक विस्तीर्ण वाडा उजेडांत आला. त्यांत सांपडलेल्या एका भित्तिचित्रांत एक व्यक्ति बैलाचीं शिंगें धरीत आहे, दुसरी त्याच्या पाठीवरून कोलांटी घेत आहे, तिसरी मागें हात पसरून उभी आहे. बैल तेथें आहे, युवक-युवतीहि असाव्यात; पण राक्षस नाहीं. तेथील मृत्तिकापट्टांवरील लिपि १९५२ मध्यें मायकेल व्हेन्ट्रिस यांनीं उलगडली. त्यांपैकीं एका पट्टावर मधाच्या दोन नैवेद्यांची नोंद आहे: एक घडा सर्व देवांना, आणि तेवढाच एक, अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणें, 'भुलभुलैयाच्या स्वामिनीला'.