उघडें खेळणें

खेळण्यांचा इतिहास हा विषय विद्वानांच्या पंक्तीला सहसा बसत नाहीं. राज्यें, तह, लढाया आणि कारखाने यांचीं कागदपत्रें जतन होतात. परंतु एखाद्या पिढीनें लहानपणीं आपल्या संध्याकाळी कशांत घालविल्या, हें कोणत्याहि दप्तरांत नोंदलेलें नसतें. तथापि मोठेपणीं माणूस ज्या वाटेनें जातो, तिचा आरंभ पुष्कळ वेळां अशा संध्याकाळींतच सांपडतो. इ. स. १९८० ते १९८६ या सहा-सात वर्षांत इंग्लंडांतील साध्या घरांत जें एक नवें खेळणें शिरलें, त्याच्याविषयीं हें विधान विशेषच खरें आहे. तें खेळणें म्हणजे घरगुती संगणक. ज्यांनीं तें लहानपणीं हाताळलें तीं मुलें आज पन्नाशीच्या आगेंमागें आहेत, आणि त्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या कीं त्यांना अजून भरतें येतें. बालपणाच्या आठवणींत गोडवा असावयाचाच; तो वजा घातल्यावर हातीं कांहीं उरतें कीं नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें यंत्र घरांत कसें आलें तें पाहूं. तोंपर्यंत संगणक म्हणजे विद्यापीठांच्या व मोठ्या कंपन्यांच्या दालनांत राखून ठेवलेली चीज, अशीच सर्वसामान्य समजूत होती. १९७० नंतरच्या दशकांत गणनेचें मुख्य काम करणारी एकच सिलिकॉनची चिप तयार होऊं लागली, व तिची किंमत झपाट्यानें उतरली. केंब्रिज येथील क्लाइव्ह सिंक्लेअर या खटपटी उद्योजकानें ही संधि ओळखली. १९८० सालीं त्यानें शंभर पौंडांच्या आंत मिळणारा संगणक बाजारांत आणला. पुढील वर्षीं, मार्च १९८१ मध्यें, त्याचा ‘झेडएक्स ८१’ निघाला. तयार यंत्रास ६९.९५ पौंड, आणि सुटे भाग घेऊन घरीं जोडणारास ४९.९५ पौंड पडत. याची स्मृति अवघी १ किलोबाइट होती. म्हणजे तींत सुमारें एक हजार अक्षरें मावत. छापील पानाचा एखादा मोठा परिच्छेद भरावा, इतकाच हा संसार! त्यानंतर २३ एप्रिल १९८२ रोजीं ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ जाहीर झाला. रबरी कळांची ती लहानशी काळी पेटी घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडली कीं पडद्यावर रंगीत चित्रें उमटूं लागत. १६ किलोबाइट स्मृतीच्या पेटीस १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या पेटीस १७५ पौंड अशी किंमत होती.

याच सुमारास ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन या नभोवाणी संस्थेनें जनतेस संगणकविद्येची ओळख करून देण्याचें काम अंगावर घेतलें, व केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीकडून ‘बीबीसी मायक्रो’ नांवाचें यंत्र करवून घेतलें. जानेवारी १९८२ मध्यें दूरचित्रवाणीवर त्यासंबंधीची पाठमाला सुरू झाली. सुमारें १२,००० यंत्रें खपतील असा आरंभींचा अंदाज होता. प्रत्यक्षांत पंधरा लाखांवर खपलीं. सरकारनेंहि शाळांस निम्मी किंमत देऊन यंत्रें घेण्यास उत्तेजन दिलें. उद्यांच्या जगांत संगणक येणार तो लाटेसारखा, आणि ज्यास पोहतां येणार नाहीं तो बुडणार, अशी भावना त्या वेळीं तिकडे पसरली होती. आईबापांनीं पदरचे पैसे मोडून ही पेटी घरांत आणली ती या भावनेनेंच. मुलांच्या मनांत मात्र खेळ होता. अभ्यासासाठीं आणलेल्या वस्तूचा मुलांनीं खेळाकडे उपयोग केला, यांत कांहींच नवल नाहीं. नवल हें कीं, त्या खेळांतूनच पुष्कळांचा अभ्यास झाला. असें कां झालें, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर त्या यंत्राच्या गरिबींत आणि उघडेपणांत आहे. आजच्या मुलानें पडद्यास बोट लावलें कीं खेळ तयार असतो. त्या वेळीं खेळ साध्या ध्वनिफितीवर, म्हणजे गाण्याच्या कॅसेटीवरच, विकत मिळे. कॅसेट-यंत्र संगणकास जोडून फीत चालूं केली कीं प्रथम एक लांबलचक शीळ, आणि मग खरखर व किंकाळ्या यांच्यामधला एक विलक्षण आवाज सुरू होई. तो आवाज म्हणजेच खेळाची आज्ञावली. एकेका स्वरांत शून्य आणि एक हे अंक गुंफलेले असत. पडद्याच्या कडेनें रंगीत पट्टे धांवत. स्पेक्ट्रमवर मोठा खेळ उतरण्यास पांचेक मिनिटें लागत, आणि शेवटच्या क्षणीं ‘फीत वाचण्यांत चूक’ अशा अर्थाचा संदेश उमटला, तर सारें पुनः पहिल्यापासून करावें लागे. आवाज थोडा कमी करावा, थोडा वाढवावा, पेचकसानें कॅसेट-यंत्राचें डोकें किंचित् फिरवून पाहावें, असे नाना उपाय मुलें करीत. त्या पिढीच्या माणसांस तो कर्कश ध्वनि आजहि ओळखतां येतो, व तो ऐकून कान झांकून घेण्याऐवजीं ते हंसतात, याचें कारण हेंच.

खेळ मिळविण्याची दुसरी वाट अधिक खडतर, परंतु अधिक फलदायी होती. संगणकांना वाहिलेलीं मासिकें त्या काळांत पुष्कळ निघालीं. त्यांत खेळांच्या संपूर्ण आज्ञावल्या ओळींमागून ओळी छापलेल्या असत. ज्यास खेळावयाचें त्यानें मासिक शेजारीं ठेवून त्या सर्व ओळी स्वतः कळफलकावर उतरवाव्या. दोन-दोन, तीन-तीन तासांच्या या लेखनकामांत एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ अडून बसे. मग आपली चूक शोधणें आलें. आणि चूक शोधावयाची तर प्रत्येक ओळ कशासाठीं आहे हें समजून घेणें आलें. कधीं चूक मुद्रकाचीच असे, व तिची दुरुस्ती पुढल्या अंकांत छापून येई. पण तोंपर्यंत कांहीं मुलांनीं ती आपली आपण हुडकून काढलेली असे. आपल्याकडील जुन्या पंतोजींनीं घोटून घेतलेल्या कित्त्याप्रमाणें ही नकल होती; फरक एवढाच कीं येथें पंतोजी नव्हता, छडी नव्हती, आणि कित्ता नीट उतरला तर तो हालूं-बोलूं लागे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्र चालूं केलें असतां त्यांत खेळ नसे, चित्र नसे. कोऱ्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारी एक खूण मात्र असे. ‘बेसिक’ नांवाची सोपी भाषा यंत्रांतच बसविलेली होती, आणि ती शिकविणारें पुस्तक पेटीबरोबर मिळे. पहिली ओळ स्वतःचें नांव उमटविण्याची, दुसरी ओळ पुनः पहिल्या ओळीकडे जाण्याची. एवढ्या दोन ओळींनीं सारा पडदा स्वतःच्या नांवानें भरून वाहूं लागे. हा चमत्कार दुकानांत मांडून ठेवलेल्या यंत्रांवर करून मुलें पळून जात. हें पोरखेळाचें कौतुक नव्हे. यंत्र मी सांगेन तें करतें, हा अनुभव दहा-बारा वर्षांच्या मुलास येणें ही सामान्य गोष्ट नाहीं. खेळणारा आणि खेळ रचणारा यांच्यामध्यें त्या काळीं एकच उंबरठा होता, आणि त्यास दार नव्हतें.

तो उंबरठा कितीजणांनीं ओलांडला याचीं उदाहरणें प्रसिद्धच आहेत. १९८३ सालीं सतरा वर्षांच्या मॅथ्यू स्मिथनें ‘मॅनिक मायनर’ हा खेळ रचला. त्यांत एक खाणकामगार वीस गुहांतून, कोंडलेली हवा संपण्यापूर्वीं, किल्ल्या गोळा करीत जातो. त्याचा विक्षिप्त विनोद आणि काटेकोर उड्या यांनीं इंग्लंडांतील मुलांस वेड लावलें. पुढल्याच वर्षीं डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोघां विद्यार्थ्यांनीं बीबीसी मायक्रोसाठीं ‘एलीट’ हा अंतराळांतील व्यापाराचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत ८ आकाशगंगा आणि प्रत्येकींत २५६ सूर्यमाला होत्या. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रांत दोन हजारांवर जगांचीं वर्णनें सांठविणें अशक्य होतें. म्हणून तीं सांठविलींच नव्हतीं. कांहीं थोड्या बीज-अंकांवर ठराविक गणित चालवून प्रत्येक जगाचें नांव, स्थान आणि बाजारभाव त्या त्या वेळीं निर्माण होत. गणित तेंच असल्यामुळें उत्तरहि दर वेळीं तेंच येई. जागा नाहीं म्हणून कल्पना खुंटली नाहीं, उलट जागेच्या टंचाईनेंच ती सुचविली. डेव्हिड हॉर्न यानें तर १ किलोबाइटच्या झेडएक्स ८१ वर ६७२ बाइटांत बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली बसविली. तींत किल्लेकोट करण्याची सोय नव्हती. परंतु बाकीच्या खेळानें पाहणारे थक्क झाले.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं, हें एक सुवर्णयुग होतें व त्यांतील प्रत्येक बालक यंत्रविशारद झालें. वस्तुस्थिति तशी नव्हती. बहुसंख्य मुलें केवळ खेळलीं. शाळेच्या आवारांत एकमेकांच्या कॅसेटींच्या नकला करून घेतल्या आणि बेसिकचें पुस्तक फडताळांत धूळ खात पडलें. पावणेदोनशें पौंड ही रक्कमहि सर्वांस परवडणारी नव्हती. याहून मोठी उणीव अशी कीं, हें खेळणें फार लवकर ‘मुलग्यांचें’ ठरलें. जाहिरातींत मुलगा आणि बाप दिसत. पेटीहि बहुधा मुलाच्याच खोलींत जाई. अमेरिकेंत संगणकशास्त्राची पदवी घेणारांत स्त्रियांचें प्रमाण १९८४ च्या सुमारास शेंकडा ३७ पर्यंत चढलें होतें. त्यानंतर तें घसरत गेलें. जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनीं तेथील विद्यार्थिनींच्या अनुभवांचा अभ्यास करून घरांतील संगणकावर मुलाची मालकी असणें हें याचें एक कारण दाखविलें आहे. जें दार उघडें होतें तें अर्ध्या मुलांपुढेंच उघडें होतें, ही गोष्ट आठवणींच्या गोडव्यांत विरघळूं देतां कामा नये.

आणि तें युग टिकलेंहि नाहीं. १९८४ मध्येंच खेळांच्या धंद्यांतील पहिली मोठी दिवाळीं निघालीं. १९८५ सालीं एकॉर्न अडचणींत येऊन इटलींतील ऑलिव्हेत्ती कंपनीच्या ताब्यांत गेली. एप्रिल १९८६ मध्यें सिंक्लेअरनें आपला संगणकाचा धंदा ५० लाख पौंडांस ॲमस्ट्राड कंपनीस विकला. त्यानंतर घराघरांत शिरलीं तीं केवळ खेळण्यासाठीं केलेलीं यंत्रें. त्यांतील खेळ बंदिस्त डबींत येत. निंटेंडोच्या यंत्रांत तर परवानगीवांचून दुसऱ्या कोणाचा खेळ चालूं नये म्हणून एक स्वतंत्र चिपच बसविलेली होती. खेळ अधिक सुंदर झाले, वाट पाहणें संपलें, पेचकसाची गरज उरली नाहीं; आणि उंबरठ्यास दार बसलें.

आपल्याकडे ही लाट शाळेच्या वाटेनें आली. १९८४ सालीं भारत सरकारनें शाळांत संगणकशिक्षणाचा ‘क्लास’ नांवाचा उपक्रम आरंभिला व आरंभीं सुमारें २५० शाळांस बीबीसी मायक्रो दिले. पुढें डेसिबेल्स नांवाच्या कंपनीनें स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्तिहि काढली. परंतु शाळेंतील यंत्र तासापुरतें असतें. घंटा झाली कीं दुसऱ्या वर्गाची पाळी. विलायतेंतील मुलास जें लाभलें तें यंत्रापेक्षां त्याच्यापुढची रिकामी संध्याकाळ हें होतें, आणि ती कोणत्याहि सरकारी योजनेंत बसवितां येत नाहीं.

या खेळण्याचें पुढें काय झालें? एकॉर्नच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं आंखलेली चिप १९८५ सालीं चालूं झाली. तिच्याच वंशांतील चिपा आज जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनींत आहेत. २००६ च्या सुमारास केंब्रिज येथें एबेन अप्टन या अध्यापकाच्या लक्षांत आलें कीं, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे, आणि जीं येतात त्यांना पूर्वींच्या मुलांइतकें यंत्र हाताळतां येत नाहीं. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ‘रास्पबेरी पाय’ हा उघड्या पाटीसारखा, ३५ डॉलरांचा संगणक विक्रीस आणला. त्या सहकाऱ्यांत ‘एलीट’चा कर्ता डेव्हिड ब्रेबेन होता, आणि त्या पाट्यांचीं ‘मॉडेल ए’ व ‘मॉडेल बी’ हीं नांवें बीबीसी मायक्रोच्या आठवणींतूनच घेतलीं होतीं. बालपणीं ज्यांना दार उघडें मिळालें, त्यांनींच मोठेपणीं तें पुढच्यांसाठीं पुनः उघडण्याची खटपट केली. आठवणींतील गोडवा वजा घालून उरते ती शिल्लक हीच होय.

चुंबकीय फिती चिरंजीव नसतात. चाळीस वर्षांनीं त्यांवरील स्वर फिकट होत चालले आहेत. केंब्रिज व ब्लेचली पार्क येथील संग्रहालयें जुनीं यंत्रें चालतीं ठेवण्यासाठीं झटत आहेत. त्यांच्या श्रमानें यंत्र टिकेल, खेळहि टिकतील. राहतां राहिला प्रश्न आपला. आज आपण मुलांच्या हातीं देतों तीं यंत्रें स्पेक्ट्रमहून लक्षपटींनीं बलवान् आहेत, आणि त्यांचीं झांकणें घट्ट लावलेलीं आहेत. मुलास खेळणें घेतांना तें किती काळ त्याला गुंतवून ठेवील, हें आपण पाहतोंच. तें मुलाला उघडतां येईल काय, आणि घरांतल्या मुलीच्याहि हातीं तें तितकेंच पडेल काय, हेंहि पाहण्याची संवय लागली, तर त्या कर्कश ध्वनीच्या पिढीचा अनुभव वायां गेला असें होणार नाहीं.