दार लागल्यावर

२६ सप्टेंबर १९९१ची सकाळ. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, टुसॉन शहराच्या उत्तरेला ओरॅकल नावाचं लहानसं गाव आहे, तिथे तुम्ही उभे आहात. आजूबाजूला वाळवंटी झुडपं, मागे सांता कॅटालिनाचे डोंगर आणि समोर काचेचा नि पांढऱ्या पोलादी नळ्यांचा भलामोठा पसारा. छायाचित्रकारांची झुंबड उडाली आहे. एकसारखे जंपसूट घातलेली आठ माणसं, चार पुरुष आणि चार बायका, हात हलवत एका जाड दाराकडे निघाली आहेत. त्यांच्यामागून तुम्हीही आत शिरा. तुम्ही कुणाला दिसणार नाही, तुमच्या ताटाचा नि श्वासाचा हिशेब कुणी ठेवणार नाही. मात्र आत जे घडेल ते तुम्हालाही सोसावं लागेल.

दार लागतं. ते दोन वर्षांनी उघडायचं आहे.

या जागेचं नाव ‘बायोस्फिअर २’. पहिलं बायोस्फिअर म्हणजे आपली पृथ्वी. टेक्सासचे धनाढ्य एड बास यांनी इथे सुमारे १५ कोटी डॉलर ओतले आहेत. माणसाला उद्या मंगळावर राहायचं असेल तर त्याला हवा, पाणी आणि अन्न पुरवणारी एक लहानशी सृष्टी सोबत न्यावी लागेल. ती काचेआड, बाहेरून काहीही न घेता चालते का, हे या ३.१४ एकरांत पाहायचं आहे.

आधी एक फेरी मारा. दमट पर्जन्यवन, तिथून पुढे फ्लोरिडाहून आणलेली खारफुटी, मग प्रवाळांचा समुद्र, ज्यात यंत्र लाटा उठवतं. पलीकडे गवताळ माळ, टोकाला धुक्यावर जगणारं वाळवंट. दुसऱ्या अंगाला शेत, शेळ्या, कोंबड्या, डुकरं आणि आठ जणांच्या खोल्या. मातीखाली स्टेनलेस स्टीलचा पत्रा अंथरलाय, जमिनीवाटेही हवा निसटू नये म्हणून. आता भुयारासारख्या वाटेने चालत जा. शेवटी एक मोठा घुमट लागतो. त्यात धातूची अजस्र तबकडी रबरी पडद्याच्या आधाराने अधांतरी आहे. दुपारी आतली हवा तापून फुगते तेव्हा ती वर जाते, रात्री हवा निवली की खाली बसते. ही सोय नसती तर काचा तडकल्या असत्या. आतली मंडळी तिला ‘फुप्फुस’ म्हणतात. अशी दोन आहेत. पृथ्वीला फुप्फुस लागत नाही, तिच्या हवेवर झाकणच नाही. यापुढे तुम्हाला पदोपदी हेच दिसेल. बाहेर जे कुणी न सांगता होतं, त्यासाठी इथे यंत्र, वीज आणि माणूस राबतो.

पहिला धडा दोन आठवड्यांच्या आतच मिळतो. आठांपैकी एक, जेन पॉइंटर, भात झोडण्याच्या यंत्रावर काम करत असताना तिच्या बोटाचं टोक तुटतं. पथकातले डॉक्टर रॉय वॉलफोर्ड टाके घालून ते जोडतात, पण ते धरत नाही. शस्त्रक्रियेसाठी तिला बाहेर न्यावं लागतं. काही तासांनी ती परत येते, येताना तिच्यासोबत एक पिशवी असते आणि बाहेर एकच गिल्ला होतो: ठरलं होतं की काही आत न्यायचं नाही! वर्तमानपत्रांना त्या पिशवीत फसवणूक दिसली. मला त्या बोटात जास्त मोठी गोष्ट दिसते. टुसॉनचं रुग्णालय मोटारीच्या अंतरावर होतं. मंगळाकडे निघायला सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा येते आणि तिथवरचा प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. वस्तीतल्या माणसाचं बोट तुटलं, अपेंडिक्स फुटलं, बाळंतपण अडलं, तर जे काय व्हायचं ते तिथेच होणार.

आता तुम्हाला भूक लागू लागली आहे. शेत जेमतेम अर्ध्या एकराचं, आणि तोंडं आठ. ताटात रताळी, बीट, पपई, केळी, थोडा गहू-भात आणि वाल, हो, आपल्याकडे पावसाळ्यानंतर लावतात तेच वाल. रताळी इतकी खाल्ली जातात की कातडीवर नारिंगी झाक येते. भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट चावल्या जातात. जेनला एकदा पिझ्झा करायचा होता. गहू पेरण्यापासून शेळीच्या दुधाचं चीज होईपर्यंत चार महिने गेले. बटाट्यावर कोळी पडतात आणि पीक हातचं जातं. औषध फवारा, असं तुमच्या मनात येईल. फवारता येत नाही. इथली हवा तीच, पाणी तेच. पानावर मारलेलं विष थोड्या दिवसांत तुमच्याच पेल्यात येणार. त्यात १९९१-९२चा हिवाळा एल निन्योचा निघाला. अ‍ॅरिझोनाच्या आकाशात एरवी नसतात इतके ढग राहिले, ऊन कमी पडलं, पीक उतरलं. पुरुषांचं वजन सरासरी सहाव्या हिश्शाहून जास्त घटलं. डॉ. वॉलफोर्ड यांनी कमी खाऊन आयुष्य वाढतं का याचा उंदरांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. इथे सगळ्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं पाहून त्यांना समाधान वाटतं. शेतात कुदळ चालवणाऱ्याला मात्र रात्री स्वप्नातही जेवणच दिसतं.

फुलांवर बसणारे कीटक एकेक करून मेले. त्यांची कामं आता हाताने करायची. मुंग्या आणि झुरळं वाढली. झाडं उंच झाली, पण लेचीपेची. वाऱ्याशी झुंजल्याशिवाय खोडाला बळ येत नाही आणि इथे वाराच नाही. रात्रभर जंगल श्वास सोडतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड झपाट्याने चढतो, सकाळी ऊन आलं की उतरतो. हिवाळ्यात तो बाहेरच्या दसपटीच्या आसपास गेला. मग माणसं गवत कापून, वाळवून तळघरात रचू लागली, ते कुजून आणखी वायू सुटू नये म्हणून; जिथे उन्हाची तिरीप दिसेल तिथे रोप लावू लागली. पृथ्वीच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइडचा एक कण काही वर्षं रेंगाळतो. इथे तो सुमारे चार दिवसांत झाडात किंवा मातीत शिरतो. इतक्या लहान जगात चूक पचवायला सवडच मिळत नाही.

आता १९९२चा शेवट. जिना चढून बघा. अर्ध्यावर थांबावं लागतं. बोलताना वाक्य मध्येच तुटतं, श्वास घेऊन पुढे न्यावं लागतं. रात्री झोपेत श्वास अडकून दचकून जाग येते. वॉलफोर्डना आकड्यांची साधी बेरीज जमेना, तेव्हा त्यांना खात्री पटली की आता हे धोक्याचं आहे. दार लागलं तेव्हा हवेत प्राणवायू २०.९ टक्के होता. सोळा महिन्यांत तो १४.२ टक्क्यांवर आला. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर राहताय, आणि तिथे रोज शेत खणताय, तेही अर्धपोटी.

जानेवारी १९९३मध्ये द्रवरूप प्राणवायूचे टँकर आले आणि घुमटावाटे प्राणवायू आत सोडला. त्या दिवशी कान देऊन ऐका. कुणीतरी धावतंय! कित्येक महिन्यांत इथे कुणाच्या धावण्याचा आवाज आलेला नव्हता.

प्राणवायू गेला कुठे, हे कोडं कोलंबिया विद्यापीठाच्या जेफ सेव्हरिंगहाउस आणि वॉलेस ब्रोकर यांनी सोडवलं, आणि या सगळ्या प्रयोगातलं मोलाचं मला हेच वाटतं. पिकं चांगली यावीत म्हणून शेताच्या मातीत भरपूर सेंद्रिय द्रव्य घातलं होतं. ते खाणारे जिवाणू प्राणवायू ओढत होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. मग तो तेवढाच वाढलेला का दिसला नाही? कारण भिंतींचं काँक्रीट उघडं होतं. त्यातला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनत होता, आणि त्या वायूसोबत प्राणवायूही भिंतीत कायमचा अडकत होता. भिंतीचे तुकडे काढून त्यातल्या कार्बनचे समस्थानिक तपासले तेव्हा हे उलगडलं. माती जरा जास्त कसदार आणि भिंतीला लेप नाही, एवढ्याने आठ माणसं गुदमरायला आली. कागदावर हे आधी कुणाला दिसलं नव्हतं, आणि ते शरीराला जाणवेपर्यंत वर्ष उलटून गेलं. मंगळावर पोहोचून वर्षाने असं काही कळलं, तर टँकर कुठून मागवणार?

जेवणाच्या टेबलाशी या. आठ जण, पण दोन कंपू, चार आणि चार. बाहेरची मदत घ्यावी की नाही, प्रयोग कुणाच्या म्हणण्याने चालावा, यावरून फाटलं आणि मग सांधलंच नाही. दार लागण्यापूर्वी जे जिवलग होते ते आता समोरासमोर येताना नजर चुकवतात. अंटार्क्टिकाच्या तळांवर हिवाळा काढणाऱ्यांना हे अनोळखी नाही. एक गोष्ट या आठ जणांच्या बाजूने ठासून सांगायला हवी. बोलणं बंद झालं तरी शेत, समुद्र, पंप यांची कामं कुणी टाकली नाहीत. ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्याही श्वासासाठी प्रत्येक जण राबत राहिला. परग्रहावरच्या वस्तीला एवढी शिस्त तरी लागेलच.

इथून वीसेक वर्षं मागे चला, १९७२च्या हिवाळ्यात, सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला. तळघरात पोलादी भिंतींचं ‘बायोस-३’ आहे, ३१५ घनमीटरचं. त्यात तीन माणसं. इथे सूर्य नाही. पाण्याने गार ठेवलेल्या झेनॉनच्या झगझगीत दिव्यांखाली गहू उभा आहे. तो गहू कापायचा, दळायचा, त्याची भाकर करायची आणि त्याच गव्हाने सोडलेली हवा श्वासात घ्यायची. मुक्काम १८० दिवस. जगातली सर्वांत शांत आणि नेटकी अशी ही चाचणी असावी, आणि तरीही मांस बाहेरून आणलेलं होतं आणि वीजही बाहेरचीच. हिशेब जुळला, कारण हौस म्हणून समुद्र नि जंगल आत घेतलं नव्हतं. माणसाला लागतं तेवढंच लावलं होतं.

परत अ‍ॅरिझोनात या. २६ सप्टेंबर १९९३. दार उघडतं आणि आठही जण आपल्या पायांनी बाहेर येतात. अन्नापैकी सुमारे ८३ टक्के त्यांनी आत पिकवलं होतं. याला फजिती म्हणण्याची तेव्हा फॅशन होती, अजूनही आहे. मला ते पटत नाही. कुठे मोडतं हे कळावं म्हणूनच तर प्रयोग करायचा असतो. मधल्या काळात काँक्रीटला लेप दिला, आणि १९९४मध्ये दुसरं पथक आत गेलं तेव्हा त्याने आपलं सगळं अन्न पिकवलं. पण बाहेर व्यवस्थापनाचं भांडण पेटलं आणि ती फेरी सहा महिन्यांतच आटोपली. आज ती वास्तू अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडे आहे, तिथे पाण्यावर, मातीवर, प्रवाळांवर चांगलं संशोधन चालतं. त्या तीन एकरांत दोन वर्षांसाठी पुन्हा कुणी राहायला गेलेलं नाही.

आता आजच्या तारखेला या आणि तेच काचघर मनाने मंगळावर नेऊन ठेवा. तिथे ऊन पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. ढगाळ हिवाळ्याने ज्यांची उपासमार केली त्यांना तिथे काय पिकवता आलं असतं? बाहेर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे काच बाहेरच्या बाजूला फुटू पाहणार. मातीत परक्लोरेट क्षार आहेत, २००८मध्ये फिनिक्स यानाला सापडलेले. थायरॉइडला घातक, म्हणजे शेत करण्याआधी माती धुवायची. घरी ‘मदत पाठवा’ म्हणून सांगितलं तर आवाज पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटं. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या ‘मॉक्सी’ यंत्राने मंगळाच्या हवेतून प्राणवायू काढून दाखवला हे खरंच मोठं काम. २०२१ ते २०२३ या काळात त्याने सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू दिला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरतो. आणि मुलं? वस्ती म्हणायचं तर तिथे मुलं जन्मायला हवीत, वाढायला हवीत. पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वात माणसाच्या बाळाची हाडं कशी घडतील याची माहिती आज कुणाकडेही नाही.

ह्यूस्टनला २०२३-२४मध्ये चार जण ३७८ दिवस मंगळावरच्यासारख्या घरात राहिले, मॉस्कोत त्याआधी सहा जण ५२० दिवस राहिले. एकांताबद्दल त्यातून पुष्कळ कळलं. स्वतःची सगळी हवा आणि सगळं अन्न झाडांकडून घेण्याची अट मात्र दोन्हीकडे नव्हती, आणि अडतं ते तिथेच. रॉकेटं दरवर्षी मोठी होत आहेत, त्यांच्यामागे पैसा आहे, कौतुक आहे. बंद घरात गहू, जिवाणू आणि माणूस यांची गाठ नीट बसवण्याचं काम मंद आहे, चिखलाचं आहे, त्याचं उड्डाण टीव्हीवर दाखवता येत नाही. पण वस्ती टिकली तर ती त्याच कामावर टिकेल. आपल्याकडेही माणसाला अंतराळात पाठवण्याची तयारी चालली आहे. आपल्या कृषी विद्यापीठांनी हा प्रश्न आतापासून हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मंगळावरच्या वसाहतीची तारीख पुढच्या वेळी कुणी जाहीर करेल, तेव्हा रॉकेट किती उंच आहे हे विचारू नका. बाहेरून हवा, पाणी, अन्न काहीही न घेता किती माणसं किती दिवस धडधाकट ठेवून दाखवलीत, एवढंच विचारा. उत्तर २६ महिन्यांपेक्षा कमी आलं, तर अजून कुणाला तिकडे राहायला पाठवू नये.